सळया भरल्या कोणी?

माझ्याकडे माणसं कागद घेऊन येतात. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला मोहल्ल्यात हे एक जादा काम असतंच. ज्यांचं शिक्षण उर्दूत झालं त्यांना बोलण्यापुरती मराठी छान येते, बाजारात आणि दवाखान्यात कुठे अडत नाही. पण सरकारी मराठी समोर आली की डोळे थांबतात. मग रेशन कार्डाचा अर्ज, बँकेची नोटीस, जन्मदाखल्यातली नावाची चूक असं काहीबाही संध्याकाळी माझ्या ओट्यावर येतं. बहुतेक कागद साधे असतात. मी वाचते, समजावते, चहा होतो, माणूस घरी जातो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आलेला कागद तसा नव्हता. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे अब्बा आठवडी बाजार करायचे. तयार कपड्यांचं गाठोडं मोटारसायकलला बांधून आज या गावी, उद्या त्या गावी. एका बाजारातून परतताना, रात्री साडेआठच्या सुमारास, ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका टेम्पोवर मागून आदळले. टेम्पोत लोखंडी सळया होत्या आणि त्या हौद्याच्या बाहेर आलेल्या होत्या. त्या रात्रीचं याहून जास्त मी लिहीत नाही. मुलगी कधीतरी हे वाचेल.

तिची अम्मी इद्दतीत होती, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले. दिराने पोलीस ठाण्यातून प्रती आणून ठेवल्या होत्या. मी आधी पंचनामा वाचला. टेम्पो अर्धा डांबरावर, अर्धा मातीत. डावं मागचं चाक पंक्चर. मागचा दिवा बंद. सळया हौद्याबाहेर अंदाजे नऊ फूट, टोकाला लाल कापड बांधलेलं. रस्त्यावर दिवे नाहीत. मग फिर्याद वाचली. सरकारतर्फे दिलेली. तिच्यातलं वाक्य असं होतं, की मयताने आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून उभ्या टेम्पोस पाठीमागून धडक दिली व तो स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला.

हे वाक्य मला उर्दूत सांगायचं होतं. ‘हयगय’ला ‘ग़फ़लत’ म्हणता येतं, ‘निष्काळजीपणा’ला ‘लापरवाही’. शब्द सापडले, तोंडातून निघेनात. तिनेच मग विचारलं, “बाजी, मतलब इनकीच गलती लिखे क्या?” मी मान हलवली. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “सलाखें किसने भरी थी, वो लिखा है क्या?”

मी कागद पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. टेम्पोचा नंबर होता. टेम्पोचालकाचं नाव, गाव, वय होतं. रस्त्याची रुंदी होती, मोटारसायकलचा फुटलेला हेडलाइट होता. सळया कुठल्या दुकानातून निघाल्या, किती वजनाच्या होत्या, कोणी रचल्या, कशाने बांधल्या, यातलं एकही अक्षर नव्हतं. जणू त्या सळया टेम्पोतच उगवल्या होत्या.

तिचा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. आज तो तुमच्यापुढे ठेवते.

मला हा प्रश्न एका बाजूने आधीच माहीत होता, कारण माझे अब्बा ट्रक चालवायचे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्यासोबत केबिनमध्ये बसून दोन-चार वेळा गेले आहे. गाडी भरली जात असताना ते खाली उभे राहायचे आणि बडबड करायचे. जड माल खाली आणि मधोमध, हलका वर. गोल वस्तू असेल, म्हणजे पाइप, पिंप, पत्र्याची गुंडाळी, तर दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे हवेतच. लोखंडाला नुसता रस्सा चालत नाही, कडांवर घासून तुटतो, साखळी लागते. ताडपत्री माल झाकते, माल धरून ठेवत नाही. आणि निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी थांबवून सगळं पुन्हा आवळायचं, कारण हादऱ्यांनी माल खाली बसतो आणि घट्ट रस्सा ढिला पडतो. “ब्रेक दाबला तर गाडी थांबते, माल थांबत नाही,” असं ते म्हणायचे. पुढे शाळेत मुलांना जडत्व शिकवणाऱ्या सरांनी हेच उदाहरण दिलं, तेव्हा मला वाटलं होतं की सर अब्बांना ओळखतात.

पण अब्बांची बडबड ऐकायचं कोण? गाडी किती भरायची हे मुनीम ठरवायचा, कशी भरायची हे घाईत असलेली टोळी ठरवायची. हमालांना मजुरी वजनावर; नीट रचायला लागणाऱ्या वेळेचे पैसे त्यांना कोणी देत नव्हतं. एकदा अब्बांनी वर चढवलेला थर उतरवल्याशिवाय गाडी हलवणार नाही म्हणून सांगितलं. गाडी हलली, दुसऱ्या ड्रायव्हरने हलवली. अब्बा दोन महिने घरी होते. आमच्या घरी त्या दोन महिन्यांत डाळ कशी पातळ व्हायची, ते मला आठवतं. त्यामुळे ‘ड्रायव्हरने नाही म्हणायला हवं होतं’ असं कोणी सहज म्हणालं की मी लगेच हो म्हणत नाही.

ड्रायव्हरची जबाबदारी नाही, असं मी म्हणत नाही. त्या रात्री चाक पंक्चर झाल्यावर टेम्पो पूर्ण खाली घ्यायला हवा होता, मागे काहीतरी दिवा, बॅटरी, निदान झाडाची फांदी तरी ठेवायला हवी होती. ती चूक त्याचीच. पण नऊ फूट लोखंड हौद्याबाहेर काढून रस्त्यावर पाठवायचा निर्णय त्याने एकट्याने घेतलेला नव्हता.

जरा हिशेब करून बघा. बांधकामाची सळई कारखान्यातून बारा मीटरची येते, म्हणजे चाळीस फुटांच्या आसपास. किरकोळ विक्रीत ती मधोमध दुमडतात, म्हणजे राहिली वीस फूट. गल्लीबोळात माल पोचवणाऱ्या लहान टेम्पोचा हौदा सात ते नऊ फुटांचा. वीस फुटांची वस्तू नऊ फुटांत मावत नाही, हे कळायला माझ्या सातवीच्या मुलांना पाटीही लागणार नाही. दुकानदाराला हे रोज कळतं. आमचा तालुका जालन्यापासून फार लांब नाही. जालन्याचं पोलाद महाराष्ट्रभर जातं, त्याचा आम्हाला अभिमानही आहे. कारखान्यातून ते लांब ट्रेलरवर बऱ्यापैकी शिस्तीत निघतं. तालुक्याच्या दुकानापासून घराच्या पायापर्यंतचे शेवटचे पाच-दहा किलोमीटर मात्र ते असं टोकं काढून जातं.

कायदा काय म्हणतो? मी वकील नाही. पण या कुटुंबासोबत वकिलांकडे चार चकरा झाल्या, मोटार वाहन कायद्याचं पुस्तक घरी आणून वाचलं, आणि एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. जे पाहिजे, ते बरंचसं लिहिलेलं आहे.

सळया आधी मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढायला नियमात मुभा होती. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ती काढून टाकली. म्हणजे लाल फडकं बांधलं की चालतं, हा जो आपल्या सगळ्यांच्या मनातला कायदा आहे, तो कायदा नाही. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये नवं पोटकलम आलं. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलेला असेल तर २०,००० रुपये दंड, माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि माल नीट केल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. वजन जास्त असेल तरी २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. त्याही आधी, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की दंड भरला म्हणून जादा माल तसाच पुढे नेता येणार नाही. तो उतरवावाच लागेल.

आता या कलमातले शब्द नीट बघा. भाषेच्या शिक्षिकेची सवय आहे, क्रियापदावर आधी नजर जाते. शिक्षा कोणाला? गाडी ‘चालवणाऱ्याला’, इतकंच तिथे नाही. गाडी अशी ‘चालवायला लावणाऱ्याला’ आणि ‘चालवू देणाऱ्याला’ सुद्धा. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की स्टिअरिंगवरचा हात एकाचा असतो आणि हुकूम दुसऱ्याचा. तीन क्रियापदं लिहिली. आपल्याकडे अमलात येतं ते पहिलं.

याचं कारणही फार गूढ नाही. चलान गाडीच्या नंबरवर निघतं. दुकानाला नंबर प्लेट नसते.

फौजदारी बाजूलाही तेच. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम १०६ मध्ये, ती पाच वर्षांपर्यंत गेली. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं एक पोटकलमही लिहिलं गेलं. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं. त्या आठवड्यात चालकांच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोललं गेलं. मी रोज वर्तमानपत्र वाचत होते. गाडी भरणारा आणि भरायला लावणारा यांच्याबद्दल एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. शिक्षा वाढत गेली ती एकाच माणसाच्या डोक्यावर.

आणखी एक विचित्र गोष्ट सांगते. रस्त्याने माल वाहून नेण्याबद्दल आपल्याकडे २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. बिल्टी कशी करायची, माल हरवला किंवा खराब झाला तर ट्रान्स्पोर्टवाल्याने किती आणि कशी भरपाई द्यायची, हे त्यात नीट मांडलं आहे. म्हणजे बंडलातल्या दोन सळया वाटेत गहाळ झाल्या तर कोणाला धरायचं, हे ठरलेलं आहे. त्याच सळया कोणाच्या अंगात शिरल्या तर मात्र ‘धडक दिली व स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला’.

तरीही निराश होऊ नका, असं वकिलांनी सांगितलं, आणि ते मी इथे सगळ्यांसाठी लिहिते, कारण माझ्या ओट्यावर येणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

पहिली गोष्ट. पोलिसांची फिर्याद म्हणजे निकाल नव्हे. नुकसानभरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, आणि चूक कोणाची हे ते पुरावा पाहून स्वतः ठरवतं. फिर्यादीत मयताचं नाव आरोपी म्हणून आलं म्हणून घरच्यांनी दावाच न लावणं, ही सगळ्यात मोठी फसगत. शिवाय कलम १६४ आहे. त्याखाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. जास्त भरपाई हवी असेल तर कलम १६६ खाली चूक दाखवून मागायची. कुठली वाट धरायची हे मात्र वकिलाशी बसून ठरवा.

दुसरी. ‘गाडी तर उभी होती, उभ्या गाडीची काय चूक’ हे वाक्य आम्ही टेम्पोमालकाकडून ऐकलं, नातेवाइकांकडून ऐकलं, चहाच्या टपरीवरही ऐकलं. याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या एका भयंकर घटनेत आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर कलंडला, पेट्रोल गळू लागलं. सकाळी आसपासची माणसं ते गोळा करायला जमली आणि चार तासांनी स्फोट झाला. ४६ माणसं गेली. ‘टँकर तर बंद पडलेला होता, हा गाडीच्या वापरातून झालेला अपघातच नव्हे’ असा युक्तिवाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गाडी चालू नसली, कलंडून पडलेली असली, तरी तिच्यातल्या मालाने जीव घेतला तर तो गाडीच्या वापरातून झालेला अपघात, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा हातात पडणारी, चूक न पाहता द्यायची भरपाई होती १५,००० रुपये. पण त्या घरांनी १५,००० साठी दिल्लीपर्यंत लढून जे मिळवलं, त्याचा आधार आज माझ्या विद्यार्थिनीच्या आईला आहे.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. न्यायाधिकरणापुढे फक्त चालक, मालक आणि विमा कंपनी यांनाच उभं करता येतं, असं आपण समजतो. केरळात फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर बस आणि गाडीची टक्कर झाली होती. त्या प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताला आणखी कोणाची निष्काळजी कारण झाली असेल तर त्यालाही याच न्यायाधिकरणात भरपाईसाठी ओढता येतं. तिथे ती रेल्वे होती. मग इथे सळया भरून देणारं दुकान का नसावं?

माल सुटून पडतो तेव्हा तर न्यायाची वाट फार जुनी आहे. १८६३ साली इंग्लंडात, लिव्हरपूलमध्ये, रस्त्याने चाललेल्या माणसावर गोदामाच्या वरच्या खिडकीतून पिठाचं पिंप पडलं. पिंप कसं सुटलं, कोणी सोडलं, याचा साक्षीदार नव्हता. न्यायाधीशांनी म्हटलं, पिंपं आपोआप खिडकीतून पडत नसतात. गोदामवाल्यानेच खुलासा करावा. हे तत्त्व आपली न्यायालयंही मानतात. महामार्गावर ट्रकमधून मागच्या मोटारीवर फरशी पडली, तर फरशी कशी पडली हे मेलेल्याच्या बायकोने सांगायचं, की भरणाऱ्याने आणि नेणाऱ्याने?

पण हे सगळं कोर्टात उभं राहायला कागद लागतो, आणि कागद पहिल्या दिवशीच धरावा लागतो. गंमत अशी की मालाइतका कागद दुसऱ्या कशालाच नसतो. दुकानाचं बिल असतं, वजनकाट्याची पावती असते, बिल्टी असते, मोठ्या मालाला ई-वे बिल असतं. किती किलो, कुठून, कोणाकडे, किती वाजता, सगळं लिहिलेलं. अपघात होतो तेव्हा बहुतेक वेळा हे कागद केबिनमध्येच असतात. पंचनाम्यात चपलेचा जोड लिहिला जातो, केबिनमधली पावती लिहिली जात नाही.

उसाच्या हंगामात हे जास्तच ठळक दिसतं. दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत आपले रस्ते ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन-दोन ट्रॉल्यांनी भरलेले असतात. ऊस दोन्ही अंगांनी इतका बाहेर आलेला असतो की मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही. रिफ्लेक्टर असला तर तो वाढ्याखाली झाकलेला. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेसुद्धा वाहन आहे, तिलाही नोंदणी आणि विमा लागतो. पण मला त्याहून वेगळी गोष्ट सांगायची आहे. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर वजन होऊनच आत जाते, कारण पैसे टनावर असतात. म्हणजे कोणती ट्रॉली किती जादा भरून आली, याची रोजची, वेळेसकट नोंद कारखान्याच्याच कार्यालयात असते. काट्यावर जादा वजन दिसलं की पैसे मिळतात. त्याच काट्यावर जादा वजन दिसलं की पुढच्या खेपेला गाडी बंद, असं कारखान्याने ठरवलं तर एका आठवड्यात रस्ता बदलेल. यासाठी एकही नवा पोलीस लागणार नाही.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख पूर्ण झाला असता, पण खरा झाला नसता.

चार वर्षांपूर्वी आम्ही घराचा वरचा मजला बांधला. स्लॅबसाठी सळई घ्यायला मी स्वतः दुकानात गेले होते. दुकानदाराने सरळ विचारलं, “मॅडम, दोन खेपांत पाठवू का लांब गाडी बोलावू? भाडं थोडं जास्त पडेल.” शिक्षकाच्या पगारात घर बांधणाऱ्याला ‘थोडं जास्त’ हे शब्द फार टोचतात. मी म्हणाले, “एकाच खेपेत बसवा की कसंही.” टेम्पो आला तेव्हा सळयांची टोकं रस्त्याला घासत होती आणि ठिणग्या उडत होत्या. गल्लीतली पोरं मागे पळत, टाळ्या वाजवत आली. मीही दारात उभी राहून हसले. टोकाला लाल फडकं होतं. त्या दिवशी गल्लीतून कोणी मोटारसायकलवाला अंधारात आला नाही, एवढंच माझं नशीब. ‘चालवायला लावणारा’ शोधायला मला फार लांब जावं लागत नाही.

म्हणून दुकानदाराला एकट्याला सुळावर चढवा, असं माझं म्हणणं नाही. हमालाला तर मुळीच नाही. हा शब्द अरबीतून आलेला, ओझं वाहणारा असा त्याचा अर्थ. ‘तहम्मुल’ म्हणजे सोसण्याची ताकद, तो शब्दही त्याच धातूचा. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून या माणसाची दखल घेतली. जबाबदारी शोधताना ती वरून खाली घसरत त्याच्या पाठीवर येऊन थांबली तर आपण काहीच बदललं नाही, असं होईल. जबाबदारी खालून वर चढली पाहिजे. चालकाकडून गाडीमालकाकडे, तिथून माल पाठवणाऱ्याकडे, आणि वाकडी खेप मागणाऱ्या माझ्यासारख्या गिऱ्हाइकाकडे. उर्दू शिकवताना मी मुलांना सांगते, ‘माल’ आणि ‘मालिक’ हे कानाला भावंडांसारखे वाटले तरी त्यांचे धातू वेगळे आहेत. अपघाताच्या जागीही तसंच दिसतं. माल रस्त्यावर सांडलेला असतो आणि मालकाचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

‘मग छोट्या दुकानदाराने धंदा कसा करायचा?’ हा प्रश्न खोटा नाही. लांब हौद्याची गाडी महाग पडते, गल्लीत वळत नाही. पण सळई दुकानातच मापाने कापून देता येते. पुष्कळ ठिकाणी देतात. दोन खेपांचं भाडं बिलात वेगळं दाखवता येतं. सगळ्यांनाच ते लावावं लागलं तर एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पळणार नाही. आज नियम पाळणारा दुकानदार महाग ठरतो आणि न पाळणारा स्वस्त. हा फरक कोणाच्या तरी घरातून भरून निघतो.

माझं मागणं मोठं नाही. मालवाहू गाडीचा अपघात झाला की पंचनाम्यात चार ओळी जास्त लिहाव्यात: माल कुठे भरला, वजन किती, बाहेर किती आला होता, कशाने बांधला होता. केबिनमधले कागद जप्त व्हावेत. तपास करताना कलमातली तिन्ही क्रियापदं वाचावीत. आणि तपासणी महामार्गावर होते तशी दुकानाच्या, गोदामाच्या, कारखान्याच्या फाटकावर व्हावी. तिथे गाडी उभी असते, माल उतरवायला माणसं असतात, आणि अजून कोणी मेलेलं नसतं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यातली किती मालाने नेली, हे नीट कळायचं असेल तर पंचनाम्यातल्या या चार ओळींपासूनच सुरुवात करावी लागेल.

आणि आमच्या घरांसाठी एक खास गोष्ट. कलम १६६ खाली दावा लावायला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. इद्दत चार महिने दहा दिवसांची. घरातले म्हणतात, तिची इद्दत होऊ द्या, मग बघू. इद्दत संपते, मग कागद गोळा होतात, आणि तोवर मुदत दारात येऊन उभी राहते. गरजेसाठी बाहेर पडायला मुभा आहे असं जाणकार सांगतात, आणि वकिलाच्या कागदावर तर घरी बसूनही सही करता येते. मौलाना साहेबांना विचारा, पण पहिल्याच महिन्यात विचारा. पोलिसांनीही तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे दिराने, भावाने, शेजाऱ्याने कोणीतरी जाऊन विचारलं पाहिजे. सोबत मराठी वाचणारं माणूस नसेल तर माझ्यासारखी कुठल्याही शाळेतली बाई येईल.

दावा मुदतीत लागला आहे. त्यात टेम्पोचा चालक आहे, मालक आहे, विमा कंपनी आहे. चौथ्या नंबरला ज्या दुकानातून सळया निघाल्या ते दुकान आहे. त्याचं बिल आम्हाला ज्या घराचं बांधकाम चालू होतं तिथून मिळालं; घरमालकाने आधी आढेवेढे घेतले, मग स्वतःच आणून दिलं. कोर्ट काय म्हणेल ते पुढे कळेल, वर्षं लागतील. मी अर्जाची प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले आणि मराठीतून उर्दूत सगळं वाचून दाखवलं. चौथं नाव आलं तेव्हा मुलीच्या अम्मीने मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

मी पुन्हा वाचली.